हडपसरचे फिरते वारे

वाऱ्यावर भरवसा ठेवू नये, असे आपण सहज बोलून जातो. परंतु केवळ वाऱ्याच्या भरवशावर आकाशात जाणारी माणसे आम्ही प्रथम पाहिली ती पुण्याजवळ हडपसरच्या माळावर. २००९ सालच्या मे महिन्यात, शाळेला सुटी लागल्यावर, सहा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही बेळगावहून रात्रीच्या गाडीने पुण्यास गेलो होतो. शनिवारवाडा झाला, आगाखान राजवाडा झाला. तिसरा दिवस मुलांनी हट्टाने ग्लायडिंग केंद्रासाठी राखून ठेवला होता.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे हे केंद्र. विस्तीर्ण मैदान, कडेला ग्लायडर ठेवण्याची मोठी शेड, आणि काठीवर फडफडणारी, वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी. इंजिन नसलेल्या या विमानाचे पंख लांबलचक व अरुंद असतात. स्थिर हवेत ते एक फूट खाली उतरेपर्यंत पंचवीस-तीस फूट पुढे सरकते. म्हणजे ते सतत घसरतच असते. मात्र ज्या हवेतून ते घसरते ती हवाच त्याहून वेगाने वर चढत असली, तर तेही तिच्याबरोबर वर जाते. सारे कौशल्य अशी हवा हुडकण्यात आहे.

आपल्या देशात बनलेल्या ग्लायडरांना नक्षत्रांची नावे मिळाली, हे ऐकून आम्हांस फार संतोष वाटला. १९५८ मध्ये ‘अश्विनी’ उडाली, १९६१ मध्ये ‘रोहिणी’ आणि १९७९ मध्ये ‘आर्द्रा’. आमच्यातील एक मुलगा सीमाभागातील खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. तो चटकन म्हणाला, “सर, रोहिणी तर आता आठ-दहा दिवसांवर आली. आमच्याकडे पेरणीची गडबड सुरू होईल.” त्या दिवसाची सर्वांत अधिक ओढ त्यालाच होती. गाडीत रात्रभर तो खिडकीशी जागा होता.

सकाळी वारा पूर्वेचा आणि अगदी मंद होता. उड्डाण नेहमी वाऱ्याला सामोरे जाऊन करावयाचे. मैदानाच्या दूरच्या टोकाला एक यंत्र असते. त्याच्या रहाटावर लांब तार गुंडाळलेली. तारेचे टोक ग्लायडरला अडकवितात, एकजण पंखाचे टोक सावरून चार पावले धावतो, आणि रहाट फिरू लागला की पतंग चढावा तसे ते विमान तिरपे वर चढते. सुमारे हजार फुटांवर तार सुटते. एकेक मुलगा शिक्षकांसह वर जाऊन येत होता आणि उतरल्यावर काही न बोलता नुसताच हसत होता.

पाच मुले झाली. सहावा आमचा तो शेतकऱ्याचा मुलगा. इतक्यात उड्डाण-शिक्षक आदराने म्हणाले, “सर, आता तुम्ही या.” मुलगा लगेच बाजूला सरला. ‘याचे होऊ द्या, मग आम्ही’ असे म्हणणे आमच्या ओठांवर यावयास हवे होते. ते आले नाही. आम्ही पट्टे बांधून बसलो.

तार सुटली तेव्हा एक धक्का बसला आणि मग केवळ हवेची सळसळ उरली. समोरच्या काचेवर लोकरीचा एक धागा चिकटविलेला होता. विमान वाऱ्याला सरळ आहे की नाही हे तो सांगतो. खाली उसाचे हिरवे तुकडे, नांगरलेली काळी राने. “घारी पाहा,” शिक्षक म्हणाले. तापलेल्या काळ्या रानावर दोन घारी पंख न हलविता वर वर जात होत्या. आम्हीही त्यांच्या खाली घिरट्या घेऊ लागलो आणि काटा ‘चढ’ दाखवू लागला. त्या सात मिनिटांत आम्हांस कशाचीही आठवण झाली नाही, मैदानात उभ्या असलेल्या मुलाचीही नाही.

उतरलो तोच वारा पडला. थोड्या वेळाने तो सुटला तो पश्चिमेकडून. आता सारे उलटे करणे आले. रहाटाचे यंत्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यावयाचे, ग्लायडर ढकलत विरुद्ध बाजूस आणावयाचे. आमच्या मुलांनीही हात लावला. तासाभराने सर्व सज्ज झाले, तर दिवे घाटाच्या बाजूला ढगांची काळी उतरंड रचलेली. पिशवी एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड फिरवू लागली.

“आज इतकेच,” शिक्षक म्हणाले.

आम्ही रदबदली केली. पाचच मिनिटे, एकच फेरी, मुलगा लांबून आला आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, याला इंजिन नाही. उतरताना वारा फिरला, तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नाही.” ग्लायडर शेडमध्ये नेऊन दारे लावतात न लावतात तोच धुळीचा लोट आला आणि पाठोपाठ वळवाचा पाऊस कोसळला.

परतीच्या गाडीत मुलांना आम्ही ऑटो लिलिएन्थालची हकिगत सांगितली. त्या जर्मन साहसवीराने सुमारे दोन हजार वेळा टेकड्यांवरून हवेत झेप घेतली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेच्या एका झोताने त्याचे पंख डळमळले, तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये मरण पावला. शिक्षकांचा नकार किती योग्य होता हे पटविण्यासाठीच आम्ही हे सांगत होतो. मुलांना ते पटले. आमचे मन मात्र त्याने हलके झाले नाही. नकार दुपारचा होता, आमची चूक त्याआधीची होती.

मिरज मागे पडल्यावर इतर मुले झोपली. तो जागाच होता. “तुझी पाळी आम्ही घेतली, बाळ. चुकलेच आमचे,” आम्ही म्हणालो. विद्यार्थ्यापुढे असे शब्द आम्ही तोवर कधी उच्चारले नव्हते.

तो संकोचला. बाहेरच्या काळोखाकडे पाहत म्हणाला, “तसं नाही, सर. वाराच फिरला.”