संकेतस्थळाचा मजकूर

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात छापील कागद तीनच रूपांनी येत असे : विजेचे बिल, लग्नाची पत्रिका आणि महिन्याचे ‘सुवार्ता’ मासिक. बाबा सातवी झाले आणि केळीच्या वाडीत उतरले. आई चौथीनंतर टोपली घेऊन बाजारात बसू लागली. आजीला तर अक्षरओळखच नाही. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिली. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या संकेतस्थळाचा मजकूर लिहिण्याचे काम फादरांनी माझ्याकडे सोपवले, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, “म्हणजे तू लिहिशील आणि सगळे गाव वाचेल?” मी हो म्हटले. त्यावर ते म्हणाले, “मग जपून लिही. गावात राहायचे आहे आपल्याला.” लेखनकलेवरची व्याख्याने मी बरीच ऐकली आहेत, पण हा उपदेश त्या साऱ्यांहून अधिक उपयोगी पडला.

वाचकांपैकी पुष्कळांना ‘धर्मग्राम’ हा शब्द नवा असेल. एका चर्चच्या क्षेत्रात येणारी गावे आणि आळ्या मिळून एक धर्मग्राम होतो आणि अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत. वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्यात सामवेदी आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत. प्रत्येकाची बोली निराळी, पण त्या साऱ्या मराठीच्याच लेकी. तरीही आडनाव ऐकून “तुमच्या घरी इंग्रजी बोलत असतील ना?” असे विचारणारे मला दर वर्षी भेटतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण आपल्याच भाषेत आपण पाहुणे ठरलो की मनाला लागते. हे काम मी हौसेने पत्करले त्यामागे ही बोच होती.

आम्ही चौघे होतो. अभियांत्रिकी शिकणारा एक दादा संगणकाची बाजू सांभाळी, एक ताई छायाचित्रे काढी, एक निवृत्त सर शुद्धलेखन तपासत आणि मी लिही. पहिल्याच बैठकीत वाद झाला तो भाषेवरून. मंडळींपैकी एकाचे म्हणणे असे, की सगळी मुले आता इंग्रजी शाळेत जातात, परदेशी गेलेल्यांनाही इंग्रजीच सोयीचे, मग मराठीचा आटापिटा कशाला? हे म्हणणे निराधार नव्हते. माझी मामेभावंडे मराठी फडाफडा बोलतात, वाचताना मात्र दर ओळीला अडखळतात.

तेव्हा सरांनी एक तारीख सांगितली : ४ डिसेंबर १९६३. रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात चालली. त्या परिषदेने ४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. एक उपासनेविषयी होता. त्याने लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना दार उघडले. दुसरा वृत्तपत्रे, चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या संपर्कसाधनांविषयी होता. सर म्हणाले, “लोकांची भाषा आणि लोकांपर्यंत पोचण्याचे साधन, दोन्हींचा विचार एकाच दिवशी पुढे आला. आपण त्यातले एक घेऊन दुसरे टाकायचे काय?” आजी लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये होई. त्यातले दोन-चार शब्द अजून तिच्या ओठांवर आहेत, पण त्यांचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नाही. मराठी मिस्सा सुरू झाली तेव्हा काय वाटले, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, “देवाला आपले बोलणे कळते हे ठाऊक होते. त्या दिवशी देवाचे बोलणे मला कळले.” मी हे बैठकीत सांगितले आणि वाद मिटला. पहिले पान मराठी आणि त्याच्या शेजारी इंग्रजी, असे ठरले.

धार्मिक संकेतस्थळ म्हटले की मोठमोठी प्रवचने डोळ्यांपुढे येतात. खुद्द व्हॅटिकनचे संकेतस्थळ १९९५ च्या नाताळात सुरू झाले आणि त्यावर पोपमहाशयांचा नाताळसंदेश झळकला. पण गावातल्या माणसाला काय हवे असते? आम्ही महिनाभर चर्चच्या कार्यालयात बसून येणाऱ्या माणसांचे प्रश्न टिपून घेतले. रविवारची पहिली मिस्सा किती वाजता? बारशासाठी, म्हणजे आमच्या भाषेत स्नानसंस्कारासाठी, कोणते कागद लागतात? लग्नासाठी स्नानसंस्काराचा दाखला नव्याने काढावा लागतो काय? कार्यालय दुपारी बंद असते काय? या प्रश्नांसाठी बाया कामाचा खाडा करून येत आणि पुष्कळदा “अमुक कागद आणा” एवढे ऐकून परत जात. म्हणून वेळांचे आणि कागदपत्रांचे पान आम्ही सर्वांत आधी तयार केले. त्यात साहित्य म्हणावे असे काहीच नाही. पण एका बाईची एक खेप वाचली तर त्या पानाने आपले काम केले, असे मला वाटते.

असे पान एकदा लिहून भागत नाही. आमचा ईस्टर दर वर्षी हलतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणजे आपल्या गुढीपाडव्याप्रमाणे त्याचीही दोरी चंद्राच्या हाती. ईस्टर हलला की उपवासकाळ हलतो, राखेचा बुधवार हलतो, सायंकाळच्या प्रार्थनांच्या वेळा हलतात. जुन्या वेळा दाखवणारे पान म्हणजे भिंतीवर राहिलेले गेल्या वर्षीचे कॅलेंडर. त्यापेक्षा भिंत मोकळी बरी. दर शनिवारी संध्याकाळी मी सगळ्या वेळा फादरांना फोनवर वाचून दाखवते आणि मगच निजते.

शब्दांचा प्रश्न याहून अवघड होता. आमच्या चर्चमध्ये एक ग्रंथिक मराठी चालते : ‘ख्रिस्तशरीर’, ‘दृढीकरण’, ‘पापनिवेदन’. घरात दुसरीच चालते. सरांना पहिली प्रिय. दादाचे मत असे, की सगळे इंग्रजी शब्दच ठेवावेत, कारण मुलांना तेच कळतात. मी प्रत्येक पान दोन परीक्षांना बसवले. पहिली परीक्षक आजी. मी वाचून दाखवायचे आणि तिने मध्येच “म्हणजे काय?” म्हटले की त्या शब्दावर खूण करायची. दुसरी परीक्षक या महाविद्यालयातली माझी मैत्रीण. ती सोवळ्याओवळ्याच्या घरातली, चर्चमध्ये पाऊल न टाकलेली. तिच्याही खुणा मी घेतल्या. गंमत अशी, की दोघींच्या खुणा पुष्कळदा एकाच शब्दावर पडल्या. देवळातल्या शब्दाने आजीला अडवले आणि त्याच शब्दाने मैत्रिणीलाही. म्हणून ‘पापनिवेदन’ हा शब्द ठेवला, पण पुढे साध्या वाक्यात लिहिले : आपल्या हातून घडलेली पापे धर्मगुरूंजवळ बोलून देवाची क्षमा मागणे.

आता थोडे अक्षरांविषयी. धर्मग्रामाच्या जुन्या स्मरणिका छापखान्यात संगणकावरच जुळवलेल्या होत्या. ते मजकूर आयते मिळतील अशी आमची कल्पना. पण त्या काळचे फाँट निराळे. युनिकोडच्या पडद्यावर आणताच सगळ्या मराठीची रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी झाली. शेवटी दोन स्मरणिका मी हाताने पुन्हा टंकलिखित केल्या. ते करताना फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण येई. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले, पण रोमन अक्षरांत. कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. चारशे वर्षांपूर्वी साधन नव्हते म्हणून मराठी रोमन लिपीत गेली. आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये देवनागरी आहे आणि तरी आपण मित्रांना निरोप पाठवतो ते रोमन लिपीत! मी स्वतः आता देवनागरीत लिहिते. सुरुवातीला बोटे रेंगाळली, पण पंधरा दिवसांत सवय झाली.

सर्वांत जपून लिहावे लागले ते इतिहासाचे पान. बाबांचे वाक्य तिथे आठवले. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले ते या मधल्या काळात. काहींचे म्हणणे होते, की हा भाग वगळावा आणि थेट चर्चच्या इमारतीपासून सुरुवात करावी. दुसरे म्हणत, की पोर्तुगीजांची थोरवी सविस्तर लिहावी. मी दोन्ही केले नाही. पोर्तुगीज सत्तेत धर्माच्या नावाने इथल्या लोकांवर सक्ती झाली, देवळे पाडली गेली, हे लिहिले. मराठ्यांचा विजय झाला आणि पोर्तुगीज निघून गेले तरी इथला ख्रिस्ती शेतकरी आपल्या जमिनीवर आणि आपल्या श्रद्धेवर राहिला, हेही लिहिले. त्या मोहिमेतल्या घंटा महाराष्ट्रात ठिकठिकाणी गेल्या. भीमाशंकरला आहे तिच्यावर १७२९ हे साल कोरलेले आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा तर सर्वांना ठाऊकच आहे. त्या घंटा वाजतात तेव्हा भाविक हात जोडतात. पराभव, विजय, भक्ती असे सगळे एकाच धातूत ओतलेले असू शकते. तसा इतिहास लिहावा, की तो वाचून माझ्या मैत्रिणीलाही मान खाली घालावी लागू नये आणि आजीलाही नको.

घंटेवरून मृत्युवार्तांचे पान आठवले. आमच्याकडे कोणी वारले की चर्चची घंटा संथपणे वाजते आणि वाडीत काम करणारा माणूस हातातले काम थांबवून क्रूसाची खूण करतो. पण माझ्या पिढीतले कितीतरी जण आखातात नोकरीला आहेत. तिथे ही घंटा कशी ऐकू जाणार? म्हणून नाव, वय, आळी आणि अंत्यविधीची वेळ एवढाच मजकूर आम्ही देतो, तोही घरच्यांना विचारून. घराचा पत्ता नाही, दूरध्वनी नाही, शोकविशेषणे नाहीत. मागच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या काकी वारल्या. त्यांचा मुलगा कुवेतला. त्याला येता आले नाही. त्याने मला एवढाच निरोप पाठवला, “आईचे नाव मराठीत पाहिले. बरे वाटले.” त्या चार ओळी मी लिहिल्या होत्या. वर्गात मिळालेल्या कोणत्याही गुणांनी मला इतके गप्प केले नव्हते.

तरी या साधनाच्या मर्यादाही मला दिसतात. व्हॅटिकनच्याच २००२ सालच्या एका दस्तऐवजात स्पष्ट सांगितले आहे, की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती, तेव्हा आजी मोबाइलपुढे मेणबत्ती लावून मिस्सा पाही. दार उघडले त्या रविवारी ती काठी टेकत सर्वांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसली. संकेतस्थळाने माणसाला दारापर्यंत आणावे. आत जायचे ते पायांनीच.

वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या गावात दिवाळी झाली. २०२४ साली ते गेले. एवढ्या मोठ्या माणसाचे काम पुढे नेण्याची भाषा माझ्या तोंडी शोभणार नाही. पण आपल्या गावातला एखादा कोपरा आपल्या भाषेत नीट लिहून ठेवणे कोणालाही जमण्यासारखे आहे. मंदिराचे, दर्ग्याचे, विहाराचे, वाचनालयाचे पान आपल्यापैकी कोणीही लिहू शकेल.

सध्या मी शेजाऱ्यांच्या प्रश्नांचे पान लिहीत आहे. पहिला प्रश्न मैत्रिणीचाच : “आम्ही ख्रिस्ती नाही, मिस्सेला आलो तर चालेल काय?” सरांनी त्याचे अर्धे पान भरेल असे शास्त्रोक्त उत्तर सुचवले होते. मी लिहिले ते असे : “अवश्य या. कुठल्याही बाकावर बसा. सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आपल्या जागी बसून राहिलात तरी कोणी काही म्हणणार नाही. मिस्सा मराठीत असते.” सरांनी ते दोनदा वाचले आणि तांबडे पेन खिशात ठेवले.