पद्मिनीचं स्टिअरिंग आणि आप्पांचा खांदा

अमेरिकेत जुन्या मसल कारचं वेड असलेली मंडळी एक काम हमखास करतात. इंजिन जुनंच ठेवतात, पण खालचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग नव्या जमान्याचं बसवतात. कारण सोपं आहे. त्या गाड्या सरळ रस्त्यावर तुफान पळायच्या, पण वळणावर ड्रायव्हरला देव आठवायचा.

आमच्या अक्कलकोटात मसल कार कुठली? आमच्याकडे आहे ती 1984 सालची प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. घरात सगळे तिला अजूनही 'फियाट'च म्हणतात. तर गेले वर्षभर आमच्या घरात वाद चालला होता तो हाच, की हिचं स्टिअरिंग बदलायचं की नाही.

वाद गाडीचा नव्हताच खरं तर. आप्पांनी ऐंशी ओलांडली. उजवा खांदा धरतो. गल्लीतून गाडी वळवून बाहेर काढताना त्यांचा चेहरा बघवत नाही. ताईचं म्हणणं, आता किल्ली काढून घ्या. धाकट्याचं म्हणणं, पॉवर स्टिअरिंग बसवू या, भंगारातल्या छोट्या गाडीचं मिळतं. आप्पांचं म्हणणं, "गाडीला काही झालेलं नाही." आणि मी मध्ये.

सोलापूरकरांना या गाडीबद्दल थोडा जास्तच जिव्हाळा असायला हवा. प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली काढणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, जन्म 1882 चा. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 तयार व्हायची, तिचंच नाव पुढे 1974 पासून 'पद्मिनी' झालं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा आप्पांनी पेपरातलं ते कात्रण कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवलं. असो.

सोलापुरातल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, पुढचा भाग कापून रॅक-पिनियन बसवू, मारुतीसारखी बोटावर फिरेल. ऐकायला छान वाटतं. पण थोडं वाचलं, विचारलं, तेव्हा गोम कळली. पद्मिनीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आहेत. खड्ड्यात चाक वर-खाली होतं ते त्या आर्मच्या कमानीत. टाय रॉड त्याच कमानीला जुळेल अशा लांबीचा आणि अशा जागी असावा लागतो. दुसऱ्या गाडीचा रॅक अंदाजाने बसवला तर प्रत्येक खड्ड्यात चाकं आपली आपणच वळतात, तुम्ही स्टिअरिंग घट्ट धरलेलं असलं तरी! आणि मोटरवालं पॉवर स्टिअरिंग खांबावर बसतं. आमच्या खांबावर तर गिअरचा दांडा. मग दांडा कुठे लावायचा? शिवाय मोटरचा भार जुन्या वायरिंगवर.

कायद्याचीही बाजू आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मनाला येईल ते फेरफार करता येत नाहीत. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. आमची 2034 साली पन्नाशीची होईल. आज पुढचा भाग कापला तर तो मान गेलाच.

शेवटी आमच्या गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, दोन्ही हातांनी चाक धरून हलवलं आणि एकच वाक्य बोलले, "मालक, हिला दोन आजार हायेत, तुम्ही एकच समजताय."

एक आजार म्हणजे प्ले. स्टिअरिंग दोन-अडीच इंच फिरवलं तरी चाकाला पत्ताच नाही. तो येतो झिजलेल्या टाय रॉड एंडमधून, आर्मच्या बुशमधून, स्टिअरिंगच्या पेटीतून. दुसरा आजार म्हणजे जडपणा. तो येतो सुकलेल्या ग्रीसमधून, कमी हवेतून, बिघडलेल्या अलाइनमेंटमधून. पॉवर स्टिअरिंगने जडपणा जाईल, प्ले तसाच राहील. उलट हलक्या हाताला तो कळणारही नाही. आणि पेटीवरचा स्क्रू नुसता कसून प्ले काढला, तर मधोमध स्टिअरिंग आवळून बसतं. म्हणजे एका आजाराचं औषध दुसरा आजार वाढवतं.

मग आम्ही एक नियम ठरवला. जे उद्या काढून मूळ जागी मूळ वस्तू बसवता येईल, तेवढंच बदलायचं. कापायचं काही नाही. टाय रॉड एंड आणि बुश कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणले (गाडीचं माहेरच ते!). नवे शॉकअब्सॉर्बर, मागच्या पाट्यांचे बुश, पेटीत नवं तेल, सगळीकडे ग्रीस. टायर रेडियल घेतले, पण रुंद नाही. रुंद टायर दिसायला रुबाबदार, पण उभ्या गाडीचं स्टिअरिंग आणखी जड करतात. शेवटी अलाइनमेंट.

फरक पडला. चौपदरी झालेल्या सोलापूर रस्त्यावर गाडी आता सरळ धरते, पूर्वी सारखी दुरुस्ती करत राहावी लागायची. गल्लीत थोडी जड आहेच, पण मिस्त्रींनी आप्पांना सांगितलं, उभ्या गाडीत फिरवू नका, चाक जरा हलू द्या, मग वळवा.

आप्पांनी अक्कलकोट रोड स्टेशनपर्यंत स्वतः नेली. मी शेजारी, तोंड बंद ठेवून. परत आल्यावर किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, "गाडी चांगली झाली. आता जे दुखतंय ते माझं आहे. गावात मी चालवीन, सोलापूरला तू."

वर्षभर आम्ही तिघं भावंडं जे ठरवू शकलो नाही, ते त्यांनी दोन वाक्यांत ठरवलं. ठरवता आलं, कारण आता दोष कुणाचा ते त्यांनाच कळत होतं. गाडी ढिली होती तोवर खांदा तिच्या आड लपत होता. पॉवर स्टिअरिंग बसवलं असतं तर दोघंही लपले असते.

गेल्या रविवारी गाणगापूरला गेलो. मी चालवत होतो, आप्पा शेजारी. प्रत्येक वळणाच्या आधी त्यांचे हात मांडीवर हलकेच फिरत होते. मी बघितलं, बोललो मात्र काही नाही.