रांझीतला जंबलाया

जंबलाया हा एकाच भांड्यात होणारा भात आहे. मांस, कांदा, ढोबळी मिरची, तिखट आणि तांदूळ, सगळे एकत्र शिजते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, विशेषतः तिथल्या केजन लोकांमध्ये, तो घरोघरी होतो. डिसेंबरच्या सुट्टीत तो मी रांझीतल्या आमच्या घरी केला. सोपा आणि पोटभरीचा, एवढ्याच कारणासाठी तो निवडला होता. पण करता करता प्रश्न भाताचा राहिला नाही, आमच्या घरातल्या भाषेचा झाला. म्हणून तो मासिकाच्या मराठी पानासाठी लिहीत आहे.

रांझी हा जबलपूरचा कारखान्यांचा भाग. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आणि व्हेईकल फॅक्टरी १९६९ची. आपल्या सैन्याचे जुने शक्तिमान ट्रक जबलपूरलाच तयार होत. या कारखान्यांत नोकरीसाठी सगळीकडून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. पुढे विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. माझे आजोबा विदर्भातून व्हेईकल फॅक्टरीत आले ते इथलेच झाले.

आज आमच्या घरात आजी मराठी बोलते. बाबा वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात. पाचवीतल्या धाकट्या बहिणीला मराठी सगळी कळते, पण ती उत्तर हिंदीतच देते. आजीला हिंदी उत्तम येते, तरी नातीशी तिच्या गप्पा फार चालत नाहीत. मागच्या सुट्टीत आजी मला म्हणाली, "तू आला की घरात मराठी येते, तू गेला की जाते."

केजन लोकांची हकीकत मी शाळेच्या ग्रंथालयात वाचली होती. त्यांचे पूर्वज फ्रेंच बोलणारे शेतकरी. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया भागात ते राहत. ब्रिटिश राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून १७५५पासून त्यांना घरादारासकट हुसकावून लावले. त्यांतले बरेच जण पुढे लुइझियानात स्थिरावले. तिथे स्पॅनिश, आफ्रिकी आणि फ्रेंच स्वयंपाकाच्या संगतीत हा भात रुजला. १९२१च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांची भाषा इंग्रजी ठरवली. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शाळेत शिक्षा होऊ लागली. अनेक घरांतून ती भाषा दोन पिढ्यांत ओसरली. १९६८मध्ये राज्याने फ्रेंच टिकवण्यासाठी स्वतंत्र परिषद नेमली, पण तोवर पुष्कळ घरांत आजी-आजोबाच तेवढे फ्रेंच बोलणारे उरले होते. आम्हाला तर कोणी शिक्षाही केलेली नाही. आमच्याकडे मराठी नुसत्या सवयीने कमी होत आहे.

म्हणून बहिणीला मदतनीस घेताना मी एक अट घातली. कढईत जे जाईल त्याचे नाव मराठीत सांगायचे. चुकले की एक भांडे तिने घासायचे, बरोबर आले की मी. पंच आजी.

साहित्य असे : हाडासकट कोंबडी अर्धा किलो, दोन मोठे कांदे, एक ढोबळी मिरची, लसणाच्या सहा पाकळ्या, दोन वाट्या लांब दाण्याचा तांदूळ, लाल तिखट, मिरीपूड, तमालपत्र आणि मीठ. लुइझियानात कांदा आणि ढोबळी मिरचीबरोबर सेलरी घालतात. ती मला बाजारात मिळाली नाही. सेलरी, कोथिंबीर आणि ओवा एकाच कुळातल्या वनस्पती आहेत, म्हणून कोथिंबिरीचे देठ आणि चिमूटभर ओवा घेतला. थंडीत जबलपूरला मटार भरपूर असतो, तो घालायचा मोह आवरला.

"दादा, शिमला मिर्च पतली काटूँ?" पहिलाच प्रश्न, पहिलेच भांडे. पुढे तेजपत्त्यावर दुसरे गेले. मिरी मात्र तिला बरोबर आली.

या भाताची खरी मेहनत सुरुवातीलाच असते. कोंबडी धुऊन फडक्याने अगदी कोरडी करायची. पाणी शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि मांसाला तपकिरी रंग चढायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. ओले मांस पाणी आटेपर्यंत नुसते उकडते. लोखंडी कढईत थोड्या तेलात तुकडे सुटे सुटे ठेवून न ढवळता दोन्ही बाजूंनी लाल केले. केजन जंबलायात सहसा टोमॅटो नसतो, त्याचा रंग या भाजण्यातूनच येतो.

"काहून रे, हळद नाही घालत?" आजीने विचारले. मी नाही म्हटल्यावर ती कढईत डोकावून बघत राहिली.

तुकडे काढल्यावर तळाला तपकिरी थर चिकटलेला होता. त्यात कांदा, मिरची, देठ आणि लसूण घातले. कांद्याला पाणी सुटले की उलथण्याने तो थर खरवडून घ्यायचा, सगळी चव त्यातच असते. बहिणीला मी विचारले, "याला काय म्हणतात?" ती म्हणाली, "खुरचन." आजी लगेच म्हणाली, "खरवड. दुधाची असते, भाताची असते. आम्ही भावंडं तिच्यासाठी भांडायचो." मग चुलीवरची भांडी, तिच्या आईचा हात, कोणाला किती वाटा मिळे, हे सगळे ती सांगत बसली. बहीण ओट्याला टेकून ऐकत होती. मधेच तिने विचारले, "आजी, मग तुला मिळायची का?" अख्खा प्रश्न मराठीत होता. आजीच्या लक्षात आले, पण ती काही बोलली नाही. तिने उत्तर दिले आणि गोष्ट पुढे नेली. मीही भांड्यांचा हिशेब तिथेच सोडला.

मग कोंबडी, मसाला, धुतलेला तांदूळ आणि साडेतीन वाट्या उकळते पाणी घातले. एक उकळी आल्यावर आच मंद करून घट्ट झाकण ठेवले. वीस मिनिटे झाकण उघडायचे नाही, ढवळायचे नाही. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे तसेच ठेवायचे. भात मोकळा झाला. बाबांनी दोनदा घेतला. आजीचे मत पडले, "चांगला आहे, पण हळद पाहिजे होती."

आपल्यातले पुष्कळ जण घरापासून दूर राहतात आणि सुट्टीत घरच्यांना काय दाखवावे असा विचार करतात. कवायत दाखवून होते, पदक दाखवून होते. एक दिवस स्वयंपाकघर मागून घ्यावे आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला जवळ बसवावे. पदार्थ कोणत्याही देशाचा चालेल. हात कामात असले की मोठी माणसे बोलू लागतात आणि लहानांना उत्तर देताना संकोच वाटत नाही.

गेल्या रविवारी घरी फोन केला तेव्हा बहिणीने घेतला. आजीने खिचडी केली होती आणि खरवड तिला एकटीला मिळाली होती. हे तिने मला मराठीत सांगितले, अधूनमधून हिंदी शब्द घालून. मी एकही दुरुस्त केला नाही.