उघड्या छातीचा लाल गडी

बॉनेट उचललं की नजर आधी त्याच्यावरच जाते. आजूबाजूला सगळं काळं-करडं: वायरींचा गुंता, बॅटरी, कूलंटची बाटली, सगळ्यावर धुळीचा थर. त्यात हा एकटा लालभडक. अंग निमुळतं, अंगभर बारीक चुण्या, टोकाला चकचकीत टोपी आणि बुडाशी काळ्या रबराचा गळा, त्याभोवती स्टीलचा क्लॅम्प आवळलेला. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा हा तिथे नव्हता. त्याला मागाहून कुणीतरी हौसेनं आणलेलं असतं. कॅटलॉगमध्ये या एअर फिल्टरचं नाव लांबलचक असतं, गॅरेजात त्याला नुसतं ‘कोन’ म्हणतात.

त्याच्या घराण्याचं मूळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात आहे. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडॉनल्ड या मोटारसायकलच्या धंद्यातल्या, शर्यतींचं वेड असलेल्या दोघांनी १९६९ मध्ये तेलात भिजवलेल्या सुती कापडाचा फिल्टर बाजारात आणला. दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘के अँड एन’ हे नाव पडलं. कागदाचा फिल्टर धुळीनं लवकर गुदमरतो आणि गुदमरला की फेकावा लागतो. त्यांना हवेला कमी अडवणारा आणि धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर हवा होता. तेव्हापासून या जातीत इतर कंपन्यांचेही पुष्कळ आले, स्वस्त नकलाही आल्या, पण शरीराची रचना तीच राहिली.

ही रचना समजून घेतल्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाही. आत विरळ विणीच्या सुती कापडाचे काही पदर, जखमेवर बांधायच्या पट्टीच्या जातीचे. दोन्ही बाजूंनी तारेची जाळी, म्हणजे चुण्या उभ्या राहतात. आणि या सगळ्यात मुरलेलं चिकट तेल. आपल्याला दिसतो तो लाल रंग त्या तेलाचा. धागे एकमेकांपासून लांब असल्यामुळे हवा सहज आत जाते. धूळ मात्र वाट काढताना तेलकट धाग्याला चिकटून राहते. कापड विरळ ठेवायचं आणि पहारा तेलावर सोपवायचा, अशी ही योजना आहे. तेल उडालं तर उरते ती नुसती भोकांची जाळी.

त्याची भूक अफाट आहे. पेट्रोल नीट जळायला वजनानं जवळपास पंधरापट हवा लागते. हिशेब मांडला तर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा होते. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांत येतो त्या पाण्याच्या टँकरइतकी. ही सगळी हवा या वीतभर शंकूतून जाते, आणि इंजिन ती हक्कानं ओढून घेत असतं. समोर जे असेल ते आत घ्यायचं, एवढंच त्याला येतं. धुळीला तो अडवतो, पण पाण्याला नाही म्हणणं त्याच्या घडणीतच नाही.

हे काम करणारा आधी एक जण होता. काळ्या प्लॅस्टिकचा, बेढब, क्लिपा लावलेला डबा. कोन बसवला की तो निघतो आणि माळ्यावर जाऊन पडतो. त्याच्याबद्दल कुणी प्रेमानं बोलत नाही, म्हणून मी बोलतो. त्याचं तोंड उंचावर, बहुधा हेडलाइटच्या मागे आणि अशा कोनात ठेवलेलं असतं की समोरून आलेला फवारा थेट आत जाऊ नये. तोंडापासून फिल्टरपर्यंतच्या नळीला वळणं असतात. हवा वळते, पण पाण्याचे जड थेंब भिंतीला आपटून खाली घसरतात. डब्याच्या तळाला पुष्कळदा एक बारीक भोक असतं, जमलेलं पाणी तिथून ठिबकून जातं. शेजारी एक रिकामा कप्पा जोडलेला असतो. त्यात हवेचा आवाज विरून जातो, म्हणून केबिनमध्ये शांतता असते. हे सगळं कुणीतरी ड्रॉइंग बोर्डावर विचार करून ठरवलेलं असतं आणि आपण एका पान्यानं ते उलगडून टाकतो.

तरीही माणसं टाकतात, आणि का टाकतात हे मला पुरेपूर कळतं. पायाखालचा पेडल दाबला की बॉनेटखालून एक खोल, भरदार हुंकार येतो. गाडी खरोखरच श्वास घेते आहे असं ऐकू येतं. तो आवाज रिकाम्या कप्प्यानं इतकी वर्षं गिळलेला असतो. ताकदीचं म्हणाल तर साध्या, टर्बो नसलेल्या गाडीत नुसता कोन बसवून फरक अगदी थोडा पडतो. उलट बॉनेटखाली उघडा बसलेला कोन इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो, आणि हवा साधारण तीन अंशांनी तापली की एक टक्क्यानं विरळ होते. म्हणून काही जण त्याला लांब नळी लावून खाली बंपरच्या किंवा मडगार्डच्या पोकळीत नेतात. तिथे हवा थंड मिळते, पण तो रस्त्याच्या जवळ जातो, आणि रस्त्याजवळ पाणी असतं.

पावसाला तो फारसा भीत नाही. बॉनेट डोक्यावर असतं, जे काही थेंब उडून येतात ते तेलकट कापडावरून ओघळतात, थोडी ओल आत गेली तरी इंजिन तिची वाफ करून सोडून देतं. त्याची खरी परीक्षा वॉशिंग सेंटरवर होते. तिथल्या पंपाचा दाब शंभर बारच्या आसपास असतो, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या शंभरपट. पाऊस वरून पडतो. गन माणसाच्या हातात असते आणि ती कुठेही वळते. बॉनेट बंद असलं तरी पोरगा रेडिएटरवरचा चिखल काढायला पुढच्या जाळीतून गन घालतो. जाळीच्या मागे हा उघडा बसलेला असतो. मडगार्डच्या पोकळीत बसवलेला असेल तर चाकाच्या कमानीत मारलेला झोत त्याला गाठतो. हाताभर अंतरावरून आलेल्या त्या धारेपुढे तेल काय करणार? पाणी कापडातून आरपार जातं आणि नळीच्या खोलगट भागात साचून राहतं. इंजिन बंद असतं, म्हणून त्या क्षणी काहीच घडत नाही, आणि धुणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

किती पाणी पुरेसं आहे? १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० मिलिलिटर येतात. पिस्टन वर जाताना ही हवा दहाव्या हिश्श्यात दाबतो असं धरलं, तर पिस्टन अगदी वर असताना माथ्यावर जागा उरते सुमारे ३३ मिलिलिटर. दोन मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या जागेत मावेल त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर जायला वाट नसते. १.३ लिटरच्या डिझेल इंजिनात दाब खूपच जास्त असतो, तिथे ही जागा २० मिलिलिटरहूनही कमी. सेल्फच्या मंद गतीत पिस्टन बहुतेकदा अडतो आणि इंजिन ‘टक’ करून थांबतं; तेवढ्यावर निभावलं तर नशीब. पण तोवर शेजारच्या सिलिंडरनं पेट घेतला असेल, किंवा चालत्या इंजिनात पाणी गेलं असेल, तर पिस्टनला धरून ठेवणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांना ‘जरा सेल्फ मारून बघू’ म्हणणं किती महागात पडतं ते मुंबईनं पाहिलं. विम्याची साधी पॉलिसी असं नुकसान बहुधा भरून देत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

दोन चमचे पाण्यासाठी हे होऊ द्यायचं नसेल तर काळ्या डब्याचं काम आता माणसाला करावं लागतं. माझ्या भाच्याकडे जुनी पेट्रोल स्विफ्ट आहे, कोन त्यानं मोठ्या हौसेनं बसवून घेतलाय. कोल्हापुरात त्याच्याबरोबर एकदा गाडी धुवायला गेलो होतो. रॅम्पवर गाडी चढली तसा गनवाला पोरगा आला.

“मालक, बॉनेट उघडा की. इंजन पण मारून देतो.”

“इंजनावर गन नको. पुढच्या जाळीतनंबी घालायची न्हाई.”

“मग चिखल कसा निघायचा?”

प्रश्न रास्त होता. भाच्यानं त्याला दाखवलं: जाळीवर साध्या पाइपचं पाणी, वरून, हलक्या हातानं; गन चाकांना आणि खालून. मग बॉनेट उघडून त्यानं जाडसर प्लॅस्टिकची पिशवी कोनावर चढवली, रबरी गळ्याच्या मागे नळीवर आणून बांधली आणि गाठ खालच्या बाजूला घेतली, म्हणजे ओघळलेलं पाणी गाठीतून आत शिरू नये. मग गाडीची चावी माझ्या हातात दिली. “मामा, ही तुमच्याकडं. पिशवी काढल्याशिवाय मला द्यायची न्हाई.”

या चावीच्या नियमाइतकं शहाणपणाचं दुसरं काही मी या विषयात पाहिलेलं नाही. पिशवी विसरून गाडी सुरू केली तर इंजिन ती कोनाला घट्ट चिकटवून घेतं, गाडी धापा टाकते आणि बंद पडते. कोनावर पिशवी असेल तर एवढ्यावरच भागतं. पण काही जण कोन काढून ठेवतात आणि उघड्या नळीच्या तोंडावर पिशवी बांधतात. धुण्याच्या दृष्टीनं ही पद्धत उत्तम आहे, कारण कोन भिजतच नाही. मात्र तिथे विसर पडला तर प्लॅस्टिकचा फाटका तुकडा थेट थ्रॉटलपर्यंत जाऊ शकतो. नळीत चिंधी कोंबणं तर कधीच नको. चिंधी आत सरकते आणि डोळ्याआड होते.

बाजारात त्याच्यासाठी अंगरखेही मिळतात, पाणी झटकणाऱ्या बारीक विणीच्या कापडाचे, कोनावर मोज्यासारखे चढवायचे. पावसाळ्यात, चिखलाच्या रस्त्याला ते फार उपयोगी आहेत, कारण शिंतोडे त्यांवरून घसरतात. गनच्या झोतापुढे मात्र त्यांचा भरवसा धरू नये. खाली बसवलेल्या लांब नळीसाठी एक झडपही मिळते: कोन पाण्यात बुडाला की ती उघडते आणि इंजिन वरची हवा घेतं. तीही रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यासाठी आहे, धुण्यासाठी नाही. धुताना पिशवीच खरी.

खरं तर इंजिन गननं धुवायची गरज फार थोड्या गाड्यांना असते. मऊ ब्रश, ओलसर फडकं आणि थोडा वेळ दिला तर बॉनेटखालचा भाग लख्ख होतो. फेसाचा क्लीनर वापरायचा असेल तर कोनावर त्याचा थेंबही पडू नये, कारण तो ग्रीस काढायलाच बनवलेला असतो आणि कोनाचं तेल त्याला ग्रीसच वाटतं. नळीवर हवा मोजणारा सेन्सर असेल तर आणखी जपावं लागतं. त्याच्यात केसासारखी बारीक तापलेली तार असते. वाहती हवा तिला किती गार करते यावरून इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरतं. तारेवर पाण्याचा थेंब पडला की सेन्सरला वाटतं हवा फार आली.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की पाणी हा त्याचा शत्रू आहे. तसं नाही. त्याला अंघोळ लागते आणि आवडतेही. फक्त ती गाडीपासून वेगळी, त्याच्या पद्धतीनं व्हायला हवी. क्लॅम्प सैल करून त्याला बाहेर काढायचं, त्याच्याच क्लीनरनं भिजवून थोडा वेळ ठेवायचं. मग नळाच्या बारीक धारेखाली आतून बाहेर धुवायचं, म्हणजे धूळ ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं परत जाते. बाहेरून आत पाणी मारलं तर ती कापडात आणखी खोल रुतते. कॉम्प्रेसरची हवा मारून किंवा हेअर ड्रायरनं वाळवायची घाई करायची नाही; कापड फाटतं, आकसतं. सावलीत, निवांत, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. मग चुणीचुणीवर तेलाची बारीक रेघ सोडायची आणि ते पसरायला वेळ द्यायचा. पांढुरके डाग राहिले तर तिथे पुन्हा थोडं. तेल जास्त झालं की ते उडून त्या बारीक तारेवर बसतं, म्हणून हात आखडता ठेवावा. तेल मुरलं आणि तो पुन्हा सगळीकडून सारखा लाल झाला की खूप देखणा दिसतो.

आणि धुताना पाणी गेलंच, किंवा गेल्याची शंका आली, तर सेल्फ मारायचा नाही. ही एक गोष्ट पाळली तर बाकीचं सगळं निस्तरता येतं. कोन काढायचा, नळीत टॉर्च मारून बघायचं, बोट फिरवून ओल तपासायची, साचलेलं पाणी पुसून घ्यायचं. पाणी पुढे सिलिंडरपर्यंत पोचलं असेल असं वाटलं तर मिस्त्रींना बोलवावं. पेट्रोल गाडी असेल तर ते स्पार्क प्लग काढतात, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा तोडतात, आणि मग सेल्फ मारतात. प्लगच्या भोकांतून पाणी पिचकारीसारखं बाहेर उडतं, म्हणून समोर कुणी उभं राहायचं नाही. डिझेलमध्ये प्लगऐवजी ग्लो प्लग किंवा इंजेक्टर उतरवावे लागतात, काम किचकट होतं आणि वेळही जास्त जातो. सगळं कोरडं झालं, ऑइलच्या काडीवर दुधाळ रंग दिसत नाही याची खात्री झाली, की वाळलेला कोन नळीवर पूर्ण आत सरकवायचा आणि क्लॅम्प आवळायचा, फार नाही, रबर नुसतं दबेल इतकाच.