कल्हई

कसबा पेठेतल्या तांबट आळीत वाढलेल्या मुलाला घड्याळ फारसे लागत नाही. हातोड्यांची ठकठक सुरू झाली की सकाळ, ती थांबली की जेवणाची वेळ. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी. आता तिथे हातोडे थोडेच उरले आहेत. आमचे शेजारचे काका त्यांतले एक. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करताना त्यांचा हात चुकलेला मी कधी पाहिला नाही.

पण त्याच हातांच्या कोपरांवर लाल चट्टे होते आणि चट्ट्यांवर वर्खासारखे पांढरे खवले. काका उठून गेले की सतरंजीवर त्यांचा भुगा पडलेला असे. आमच्या घरी त्यांच्यासाठी काचेचा एक पेला वेगळा ठेवलेला होता. आम्ही ज्या तांब्यातले पाणी प्यायचो, तो तांब्या मात्र काकांनीच घडवलेला! तो पेला मी दोन बोटांत धरून कितीदा तरी विसळला आहे. हे लिहिताना लाज वाटते. पण लिहायलाच हवे.

तपासणीचे कागद इंग्रजीत असतात, म्हणून एकदा काकांनी मला दवाखान्यात सोबत नेले. डॉक्टरबाई पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "हा सोरायसिस. एकाचा दुसऱ्याला होत नाही." मी खाली मान घातली. शरीराची संरक्षणव्यवस्था बिघडते आणि कातडी नवी व्हायला एरवी जो सुमारे महिना लागतो, ते काम चार-पाच दिवसांत उरकू लागते. अपक्व पेशींचे थर साचतात, तेच हे खवले. मग बाईंनी मोजमाप घेतले. रोग्याचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या कातडीचा साधारण १ टक्का. स्वीडनमधल्या दोन डॉक्टरांनी १९७८ साली बसवलेली ० ते ७२ गुणांची पद्धत आजही चालते : लाली किती, जाडी किती, खवले किती, पसारा किती.

इथवर काका खूश होते. वितीबोटांनी मापणे त्यांच्या धंद्यातलेच. पण बाईंनी कंबरेचा घेर मोजला, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि यकृताच्या चाचण्या लिहून दिल्या, तेव्हा त्यांचे बिनसले. "दुखणं कातडीचं, मग सुई रक्ताला कशाला?"

बाईंनी समजावले. हा दाह कातडीपुरता राहत नाही. अशा रोग्यांत मधुमेह, रक्तातली वाढलेली चरबी, हृदयविकार अधिक आढळतात. शिवाय आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट यकृताला आणि रक्तपेशींना सोसते आहे ना, हेही पाहावे लागते. औषध लागू पडेल की नाही हे रक्तातल्या कोणत्या द्रव्यावरून आधीच ओळखता येईल, याचा शोध चालू आहे. उपचारापूर्वीची आणि नंतरची अमिनो आम्ले, स्निग्ध द्रव्ये शास्त्रज्ञ ताडून पाहत आहेत. पण रोजच्या वापरातली खात्रीची चाचणी अजून हाती आलेली नाही. तोवर डोळे आणि तळहात!

चार महिन्यांनी चट्टे जवळजवळ मावळले. साखर आणि ट्रायग्लिसराइड मात्र होते तिथेच. काकांनी जाहीर केले, "बरा झालो. आता रक्त देणार नाही."

मला शास्त्र सांगता येईना. मी विचारले, "काका, चिंच लावून पातेलं बाहेरून लखलखीत केलं, पण आतली कल्हई गेलेली असली, तर?"

"आमटी कळकेल," काका सवयीने म्हणाले आणि माझ्याकडे बघतच राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हातोडा खाली ठेवला. "पुढची तपासणी कधी आहे म्हणालास?"

त्या संध्याकाळी ते घरी आले, तेव्हा मी त्यांच्याच तांब्यातले पाणी आमच्या रोजच्या पेल्यात दिले. आई काही बोलली नाही. काकाही बोलले नाहीत. पाणी तेवढे सावकाश प्यायले. चट्टे त्यांच्या कोपरांवर होते. कल्हई मात्र आमच्या घराची उडाली होती.