पिकअपची मिसिंग

दिवाळी सरली की यवतमाळ जिल्ह्यातले रस्ते कापसाच्या गाड्यांनी भरतात. पांढरकवड्याच्या जिनिंगकडे निघालेली जुनी पिकअप मिसिंग मारू लागली, की चालकाचा जीव वरखाली होतो. मागे कुणाचं तरी वर्षभराचं पीक असतं.

मिस्त्री आधी नुसता ऐकतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच; दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. म्हणून संशय नोझलवर, पाण्यावर, लाईनमधल्या हवेवर. चालू इंजिनात तो एकेका नोझलच्या पाईपचा नट सैल करतो. आवाज बिघडला, तर तो सिलिंडर चांगला. फरकच पडला नाही, तर दोषी सापडला. किती देखणी परीक्षा! कॉमन रेलच्या गाडीत मात्र हे कधीच करू नये. तिथे दाब 1000 बारच्याही वर जातो, डिझेलची धार कातडीत घुसते. तिथे स्कॅनरच लावावा.

इथे चारही सिलिंडर बोलले.

मग दोष अलीकडे, डिझेलच्या वाटेवर. फिल्टरच्या तळातून पाणी निघालं. नवा फिल्टर बसला, हातपंपाने हवा निघाली, इंजिन एका लयीत आलं. तरी टाकी साफ केल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा मिस्त्रीचा हट्ट. तो रास्तच आहे: पाणी टाकीतूनच आलं होतं.