दल्लीचा दगड आणि माझं मत

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं, या कल्पनेला माझा विरोध होता आणि तो साधासुधा नव्हता. माझं आयुष्य गणित शिकवण्यात गेलं, तेही भिलाईत. इथे सकाळी शाळा आणि संध्याकाळी कोचिंग असा पोरांचा दिवस ठरलेला असतो, आणि यंदा आयआयटीत कोणाकोणाचा नंबर लागला याची चर्चा सेक्टरा-सेक्टरात रंगते. अशा गावात मुलगा आणि सून म्हणाले, की नातवंडांना शाळेत घालणार नाही. मी सुनेला तोंडावर म्हटलं, "अगं, तुम्ही दोघं शाळेत शिकून इंजिनियर झालात आणि पोरांना मात्र गावभर हिंडवणार?" तिने वाद घातला नाही. "आई, आधी बघा तरी, मग बोला," एवढंच म्हणाली.

आता बोलते. माझं मत बदललं आहे. पण सगळं नाही, आणि सून म्हणत होती त्या कारणांनी तर मुळीच नाही.

घरात वाद झाला की दोन्ही बाजूंनी मोठी नावं यायची. मुलगा म्हणायचा, तीजनबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी आजोबांच्या तोंडून महाभारत ऐकलं, ते गाऊन सांगण्याची पंडवानी जगभर नेली आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळवलं. सून मुंबईच्या मालविका जोशीचं नाव घ्यायची. आईने तिला सातवीत शाळेतून काढलं, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. मी म्हणायचे, तेवढंच का सांगतेस? बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं, तेही सांग. शिवाय अपवादांवरून नियम ठरत नाही. हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

मत हललं ते एका दगडामुळे.

दल्ली-राजहराच्या खाणी भिलाईपासून नव्वदेक किलोमीटरवर. आमच्या भिलाई पोलाद प्लांटचं लोहखनिज तिथून येतं. दुर्गहून बालोदमार्गे गाडी जाते. मुलगा-सून पोरांना घेऊन गेले आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत लाल होऊन परतले. नातवाच्या पिशवीत रस्त्याकडेला सापडलेला एक काळसर दगड होता. तो त्याने माझ्या हातात दिला. आकाराच्या मानाने इतका जड, की हात खालीच गेला. "आजी, हा एवढा जड का?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जे चाललं ते मी दारात उभी राहून पाहिलं. वजनकाट्यावर दगड भरला ६४० ग्रॅम. मग पातेलं काठोकाठ भरून परातीत ठेवलं, दगड अलगद आत सोडला आणि परातीत सांडलेलं पाणी मापाच्या भांड्यात ओतलं: १३० मिलिलिटर. भागाकार केला, जवळजवळ पाच आला. अंगणातल्या साध्या दगडाचा आला अडीचच्या थोडा वर. नातीने खनिजाचा दगड टाइलच्या खरबरीत पाठीवर घासला, तर दगड काळा आणि रेघ मात्र तांबूस! सुनेने सांगितलं, हे हेमटाइट. शुद्ध असलं तर वजनाने साधारण ७० टक्के लोखंड. नातवाने आपला दगड शुद्ध धरून लगेच हिशेब केला: ४४८ ग्रॅम. आणि विचारलं, "मग उरलेलं १९२ ग्रॅम काय आहे?"

ऑक्सिजन, असं उत्तर मिळाल्यावर त्याचा विश्वास बसेना. दगडात हवा? मग तो ऑक्सिजन काढायचा कसा, यावरून कोक आला. कोकमधला कार्बन भट्टीत तो ओढून घेतो हे आलं. खनिजात माती-वाळूचा अंश असतोच, तो काढायला चुनखडी लागते, ती आपल्याच नंदिनीच्या खाणीतून येते, तिच्याशी एकजीव होऊन तो स्लॅग म्हणून वेगळा निघतो आणि स्लॅगचं सिमेंट होतं, इथपर्यंत गाडी गेली. पोरं जेवायला उठेनात.

मी वर्षानुवर्षं शेकडेवारी शिकवली. माझ्या फळ्यावरचा दुकानदार कायम वीस टक्के नफ्यात असायचा. तो काय विकतो हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चिमण्यांचा धूर खिडकीतून दिसत होता. माझे सासरे वर्ध्याहून इथे आले ते प्लांट उभा राहत असताना. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा ते गर्दीत उभे होते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. पण भट्टीत काय जातं आणि काय निघतं, याचं उदाहरण मी वर्गात कधी घातलं नाही. कारण ते पुस्तकात नव्हतं.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर हिंडू लागले. वर्ध्याला जाताना गाडीत नातीने रुळाकाठचे किलोमीटरचे खांब आणि घड्याळ घेऊन वेग काढला: एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत ४५ सेकंद, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. मग रुळांवर बोलणं आलं. भिलाईत १३० मीटरचे एकसंध रूळ निघतात आणि ते जोडून २६० मीटरचे केले जातात. एक अंश तापमान वाढलं की मीटरभर पोलाद साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. चाळीस अंशांच्या फरकाने २६० मीटरचा रूळ किती वाढेल? उत्तर आलं साडेबारा सेंटिमीटर. मी खूश. तेवढ्यात नात म्हणाली, "पण आजी, तो दोन्ही बाजूंनी जोडलेला आहे. मग ते साडेबारा सेंटिमीटर जातात कुठे?" मला सांगता येईना. मुलाला विचारावं लागलं. स्लीपर आणि खडी रुळाला जखडून धरतात, त्यामुळे तो वाढत नाही, आत दाब साठतो, आणि फार कडक उन्हात रूळ वाकू नये म्हणून गस्त घालावी लागते. पुस्तकातलं उदाहरण साडेबारा सेंटिमीटरवर संपलं असतं.

वर्ध्याहून सेवाग्रामला गेलो तेव्हा मनात आलं, असं शिकवणं नवीन काहीच नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली. बी.एड.ला त्याच 'नई तालीम'वर टीप लिहून मी मार्कही मिळवले होते.

प्रवासच हवा असंही नाही. शेजारचे साहू हरेलीच्या सणाला नांगर-कुदळीची पूजा करतात, पोरं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच काठ्यांवर चालतात. त्याच दिवशी आमच्याकडे दिव्याची अवस. नातवाने विचारलं, त्यांच्याकडे सावन आणि आपल्याकडे आषाढ कसा? त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून पौर्णिमेनंतरचे पंधरा दिवस नाव वेगळं, अमावास्येनंतर पुन्हा एकच. चंद्राच्या कला त्याने गच्चीवरून वहीत काढल्या आणि दोन्ही पंचांगांशी ताडून पाहिल्या. भिलाईतल्या मराठी घराला हा धडा फुकट मिळतो.

आता जिथे मत बदललेलं नाही, ते. भागाकार दगडाने सुचतो, पण पक्का होतो तो शंभर गणितं केल्यावरच. हा सराव कंटाळवाणा असतो आणि तो करून घ्यावाच लागतो. दुसरं, घरी शिकवणं म्हणजे कोणीतरी दिवसभर घरी असणं. आमच्याकडे नोकरी सोडली ती सुनेने, मुलाने नाही. या विषयावर बोलणारे याबद्दल फारसं बोलत नाहीत. तिसरं, टाऊनशिपच्या शाळेत मल्याळी फोरमनची मुलगी, बंगाली अधिकाऱ्याचा मुलगा आणि छत्तीसगढी सफाई कामगाराचा मुलगा एका बाकावर बसायचे. ते बाक कुठल्याही घरात मिळत नाही. आणि कायदा: २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतो. पुढे मुक्त विद्यालयातून दहावी देता येते. ती द्यायचीच, हे मी घरात वदवून घेतलं आहे.

तेव्हा शाळा सोडा असं मी कोणालाही सांगणार नाही. बहुतेक घरांना ते परवडणारं नाही आणि झेपणारंही नाही. पण शाळेबाहेर मुलं करतात ती मजा आणि शाळेत करतात तो अभ्यास, ही वाटणी मी आता मानत नाही. भिलाईच्या पालकांना एवढंच सांगते: सहा दिवस शाळेला आणि क्लासला द्या, पण रविवारचा टेस्ट-सिरीजचा क्लास लावू नका. दल्लीची गाडी पकडा, नाहीतर शिवनाथ नदीच्या काठी जा, नाहीतर शेजाऱ्यांकडे हरेलीला जा. पोर प्रश्न विचारेल. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा आणि दोघं मिळून शोधा.